मामांना विचारलंस का?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे, शिवाजी पेठेत राहते. आठवीपासून मर्दानी खेळ खेळते. लाठी, फरी-गदका, दांडपट्टा सगळं येतं. आता आखाड्यात लहान मुलींना मीच शिकवते. दिवसा एका शाळेत तासिकेवर खेळाची शिक्षिका आहे, महिन्याला साडेसात हजार हातात येतात. मुंबईच्या एका इव्हेंट कंपनीनं आमचा व्हिडिओ बघितला आणि आम्हा बारा जणींना, शिवाय चार हलगी-घुमकंवाल्यांना, सौदी अरेबियात रियाधला एका मोठ्या करमणूक महोत्सवात बोलावलंय. दहा दिवस, माणशी साठ हजार, विमान आणि राहणं-जेवण त्यांचं. आखाड्याचे पत्रे गळतात, ते काम निघेल. वस्ताद म्हणतात, पोरींनी विमानात बसायचं म्हणजे बसायचं. कॉलेजची मैत्रीण म्हणते, बोलल्याबद्दल बायकांना तुरुंगात घालणाऱ्या सरकारच्या जत्रेत तू खेळ करणार? तिनं तसं स्टेटसला टाकलं आणि आमच्या ग्रुपमध्ये भांडणं लागली. वडील म्हणतात, दुनियेचा ठेका आपण घेतलाय का, आधी आपल्या देशात काय चाललंय ते बघा म्हणावं तिला. करारात एक कलम आहे : त्या देशाबद्दल, राजघराण्याबद्दल, धर्माबद्दल कार्यक्रमाआधी, चालू असताना किंवा नंतर कुठंही वावगं बोलायचं नाही, लिहायचं नाही. माझा मामा सौदीतच, दम्मामला सहा वर्षं शटरिंगच्या कामावर होता. २०२० ला परत आला, पाच महिन्यांचा पगार तिकडंच राहिला. तो घरात गप्पच असतो. पट्ट्याचा मुख्य खेळ माझा आहे. मी नाही म्हटलं तर सगळ्यांचंच जाणं रद्द होईल. पंधरा दिवसांत सही करायची आहे. काय करू?
— एक पट्टेवाली, कोल्हापूर

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मैत्रीण बोलते, वस्ताद बोलतात, वडील बोलतात, कंपनीचा कागदसुद्धा बोलतो. त्या देशात सहा वर्षं घाम गाळलेला माणूस तेवढा बोलत नाही. ‘तो घरात गप्पच असतो’ एवढ्या चार शब्दांत तू मामांना मागं बसवलंस. मी तिथंच अडले. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्याकडं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी वडिलांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं घरोघरी ऐकू येतं. आपला देश धुतल्या तांदळासारखा नाही, हे खरंच आहे. आपल्याच राज्यात जातपंचायती माणसांना वाळीत टाकत आल्या. लग्नाला बोलवायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, दुकानातून मीठसुद्धा द्यायचं नाही. ते थांबवायला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा दुसऱ्या देशाबद्दल बोलताना आवाज जपून लावावा, हे मला मान्य आहे. आवाजच लावू नये, हे मान्य नाही. तुझ्या मामांचा पगार बुडाला तेव्हा तिकडच्या कुणीतरी त्यांच्या बाजूनं तोंड उघडावं, असं तुमच्या घरात नक्कीच वाटलं असेल. ‘दुनियेचा ठेका आपण घेतलाय का’ असं त्या वेळी दम्मामचा एखादा सज्जन माणूस म्हणाला असता, तर वडिलांना ते पटलं असतं का? त्यांना हे भांडायच्या सुरात विचारू नकोस. जेवताना सहज विचार.

आता बहिष्काराचं. हा शब्द आपल्या मातीत दोन तोंडांचा आहे, आणि तो कोल्हापूरइतका दुसऱ्या गावाला क्वचितच कळला असेल. भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाची गोष्ट तुला माहीत असेल. शाहू महाराजांच्या तबेल्यात कामाला असलेल्या गंगारामांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढं महाराजांच्या मदतीनं त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. जागा नीटनेटकी, चहा चांगला. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तोही बहिष्कारच होता. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही, फक्त कुणी आत गेलं नाही. महाराज त्या रस्त्यानं जाताना गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. तिथं जाण्यात न्याय होता, न जाण्यात अन्याय होता.

म्हणून ‘जाणं वाईट’ किंवा ‘न जाणं थोर’ असा सरसकट निकाल तुला कुणी देत असेल, तर तो घेऊ नकोस. ज्याला सोसावं लागतंय तो तुमच्याकडं काय मागतोय, हे बघितल्याशिवाय निकाल लागत नाही. ‘या’ म्हणतोय, ‘येऊ नका’ म्हणतोय, की तिसरंच काही मागतोय?

गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीखालच्या दक्षिण आफ्रिकेत ‘येऊ नका’ अशी हाक तिथल्या काळ्या माणसांनीच दिली होती. आल्बर्ट लुथुली हे त्यांचे मोठे नेते. त्यांनी १९५९ मध्ये जगाला आवाहन केलं, आमच्या देशाच्या मालावर बहिष्कार घाला. त्याची झळ आमच्या गरिबांनाही बसेल, ती आम्ही सोसू, असं त्यांचं म्हणणं होतं. हे वाक्य लुथुलींच्या तोंडी शोभतं, कारण झळ त्यांना बसणार होती. मुंबईत किंवा लंडनमध्ये पंख्याखाली बसून ते बोलायचा अधिकार कुणाला नव्हता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं सगळ्या देशांना सांगितलं, त्या राजवटीशी खेळाचे, कलेचे, शिक्षणाचे संबंध थांबवा. आपण तर फार आधी, १९४६ मध्येच, त्यांच्याशी व्यापार तोडला होता.

त्याची किंमतही मोजली. १९७४ मध्ये विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघानं भारताला टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत नेलं. समोर दक्षिण आफ्रिका आली. भारतानं खेळायला नकार दिला आणि चषक त्यांना न खेळता मिळाला. तो चषक भारताच्या हाती आजवर आलेला नाही. त्या पोरांच्या जागी स्वतःला ठेवून बघ. आयुष्यभराचा सराव आणि शेवटच्या पायरीवर थांबायचं. तरी त्या नकाराला वजन होतं, कारण तो उघड होता, सगळ्या जगाला त्याचं कारण माहीत होतं, आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांनीच तो मागितला होता.

याच्या उलटंही घडलं आहे. १९७८ चा फुटबॉलचा विश्वचषक अर्जेंटिनात झाला. तिथं लष्करशहांचं राज्य होतं, हजारो तरुण मुलं-मुली उचलून नेली जात होती, परत येत नव्हती. ब्युनोस आयर्समध्ये अंतिम सामना झाला त्या मैदानापासून जेमतेम अर्ध्या तासाच्या चालीवर नौदलाची एक शाळा होती, तिथं छळछावणी चालायची. तिथून जिवंत सुटलेल्यांनी पुढं सांगितलं, की गोल झाल्यावर प्रेक्षकांची आरोळी आम्हाला आत ऐकू यायची. युरोपात त्या स्पर्धेवर बहिष्कार घाला म्हणून मोठी चळवळ झाली, पण संघ गेले. संघांबरोबर परदेशी पत्रकारही गेले. शहराच्या मधल्या चौकात दर गुरुवारी हरवलेल्या मुलांच्या आया डोक्याला पांढरा रुमाल बांधून मूकपणे फेऱ्या मारायच्या. फुटबॉलसाठी आलेले कॅमेरे त्या आयांकडं वळले. त्यांच्या देशातली बहुतेक वर्तमानपत्रं त्यांच्याबद्दल गप्प होती. परक्या देशांतल्या लोकांनी मात्र त्यांचे चेहरे बघितले. त्या आयांच्या कामी आली ती चौकापर्यंत पोचलेली माणसं.

आता एक माझी गोष्ट सांगते. ती अजून मनाला लागते.

२०२२ च्या हिवाळ्यात कतारला विश्वचषक होता. आपल्या गावाचं फुटबॉलवेड तुला मी काय सांगू. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठांतल्या घरांत जेवणं उशिरा होतात. त्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाला मेस्सी आणि नेमारचे माणसापेक्षा उंच कटआउट लागले होते. मी ठरवलं, एकही सामना बघायचा नाही. आदल्या वर्षी ‘गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रानं छापलेला आकडा डोक्यातून जात नव्हता. स्पर्धा कतारला मिळाल्यापासून दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांतले ६,५०० हून जास्त कामगार तिथं दगावले होते. हे सगळे स्टेडियमवरचे नव्हते, सगळ्या प्रकारच्या कामांवरचे होते. स्पर्धेशी जोडलेल्या कामांवर चारशे ते पाचशे माणसं गेली, असं कतारच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानंच स्पर्धा चालू असताना मुलाखतीत मान्य केलं. तरणीताठी माणसं, आणि कागदावर कारण लिहिलेलं ‘नैसर्गिक मृत्यू’.

१८ डिसेंबरच्या रात्री अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली. गल्लीत फटाक्यांच्या माळा लागल्या. मी मागच्या खोलीत परातीत गहू निवडत बसले होते. माझा तो बहिष्कार कुणाला कळला नाही. घरच्यांना वाटलं, हिला बरं नाही.

नंतर एकदा बसून नीट वाचलं. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲम्नेस्टीसारख्या संस्था बहिष्कार मागतच नव्हत्या. त्यांची मागणी होती, स्पर्धेच्या बक्षिसांची जेवढी रक्कम आहे तेवढे, म्हणजे निदान ४४ कोटी डॉलर, फिफानं कामगारांच्या आणि मेलेल्यांच्या घरच्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढावेत. त्यासाठी जगभर सह्या गोळा होत होत्या, पत्रं जात होती. मी एक सही केली नाही, एक पत्र लिहिलं नाही. इतकंच काय, आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा तेव्हा दोह्यात गवंडीकामाला होता. त्याची आई रोज नळावर भेटायची. तिला मी महिनाभरात एकदाही विचारलं नाही, की बाई, पोराचा पगार वेळेवर येतो का. जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं नाही, आणि टीव्ही बंद ठेवून काहीतरी केल्याचं समाधान घेतलं. मामांचं ते एक वाक्य तुझ्या पत्रात वाचल्यावर मला ती बाई आठवली.

ओरडा झाल्यानं काही हलतं, हेही खरं. कतारमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. ती अट २०२० मध्ये निघाली. पुढच्या वर्षी मार्चपासून सगळ्यांना किमान १,००० रियाल पगाराचा नियम लागू झाला. नियम झाला म्हणून सगळ्यांच्या हातात पैसे पडले असं नाही, पण कामगार संघटना आणि पत्रकार वर्षानुवर्षं मागं लागले नसते तर नियमसुद्धा झाला नसता.

आता रियाधचं. तुझी मैत्रीण म्हणते ते खोटं नाही. पण तिनं निम्मंच सांगितलं.

त्या देशात गेल्या काही वर्षांत बाहेरून दिसणारं पुष्कळ बदललं. जानेवारी २०१८ मध्ये बायकांना पहिल्यांदा स्टेडियममध्ये बसून फुटबॉल बघता आला. कित्येक दशकांनी सिनेमाघरं उघडली. जूनमध्ये बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. मोठमोठे महोत्सव भरू लागले, २०३४ चा फुटबॉलचा विश्वचषकही तिथं ठरला आहे. यातला आनंद खोटा नाही. तुझ्या खेळासमोर तिथल्या शाळकरी मुली बसल्या आणि एका मुलीच्या हातात पट्टा विजेसारखा फिरताना त्यांनी बघितला, तर त्यांच्या मनात काय उठेल याची कल्पना मी करू शकते. ते कमी मोलाचं नाही.

पण बायकांनी गाडी चालवावी म्हणून जी लुजैन अल-हथलूल वर्षानुवर्षं भांडली, तिला ती बंदी उठायच्या जेमतेम महिनाभर आधी पकडलं. मुभा मिळाली तेव्हा ती कोठडीत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली. ऑक्टोबर २०१८ मध्ये जमाल खाशोगी हा पत्रकार इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत कागद आणायला गेला आणि आतच त्याचा खून झाला. आणि एक नाव तुला मुद्दाम सांगते : मनाहेल अल-ओतैबी. व्यायाम शिकवणारी मुलगी, म्हणजे काम तुझंच. बायकांच्या हक्कांबद्दल सोशल मीडियावर लिहिलं आणि कपडे ‘नीट’ नव्हते म्हणून तिला जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयानं ११ वर्षांची शिक्षा सुनावली.

उत्सवाचा मांडव आणि ही कोठडी एकाच सरकारची आहे. मांडवातला उजेड इतका डोळ्यांवर यावा की कोठडी दिसू नये, यासाठीही पैसा खर्च होतो. तू खेळ केलास तर त्या उजेडातला एक दिवा तुझा असेल. हे मनाशी नीट मान्य करून मगच पुढचं ठरव.

आता ज्यांना सोसावं लागतंय ते काय मागतात? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रियाधला विनोदी कलाकारांचा मोठा महोत्सव झाला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं कलाकारांना ‘जाऊ नका’ म्हटलं नाही. बोला म्हटलं. तुरुंगात असलेल्यांच्या सुटकेची मागणी जाहीरपणे करा, म्हटलं. त्यात मनाहेलचं नाव होतं. आणि कलाकारांना आलेल्या करारात नेमकी उलटी अट होती : देश, राजघराणं आणि धर्म यांच्याबद्दल बोलायचं नाही. अत्सुको ओकात्सुका या अमेरिकेतल्या विनोदी कलाकार बाईनं निमंत्रण नाकारलं आणि ती अटच लोकांपुढं ठेवली. तिचं मला फार पटलं. तिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कागद दाखवला.

तुझं कलम आता पुन्हा वाच. ‘नंतर कुठंही.’ दहा दिवसांचा खेळ, आणि गप्प राहायचं ते आयुष्यभर. माझी हरकत देशापेक्षा या दोन शब्दांना जास्त आहे. त्याचा अर्थ काय होतो बघ. उद्या तू कोल्हापुरात बसून मनाहेलच्या सुटकेच्या पत्रावर सही केलीस, तर करार मोडला. एखाद्या वार्ताहरानं आखाती कामगारांबद्दल विचारलं आणि तू म्हणालीस, ‘माझ्या मामाचे पाच महिन्यांचे पैसे दम्मामला अडकलेत,’ तरी करार मोडला असं कुणी म्हणू शकेल. साठ हजारांत तू मामांची गोष्ट सांगायचा हक्क लिहून देणार आहेस. मामा आधीच गप्प आहेत. तूही गप्प बसायची सही केलीस तर त्या घरात ते बोलायला कोण उरलं?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. हे कलम असं राहणार असेल तर सही करू नकोस. कलम बदललं, तर जायला माझी ना नाही.

बदलायचं कसं? मंचावर खेळाशिवाय दुसरं बोलणार नाही, हे मान्य करायला हरकत नाही. पाहुणी म्हणून गेल्यावर तिथं असेपर्यंत जाहीर काही लिहिणार नाही, हेही समजू शकते. खरं तर तिथं असताना तू तोंड उघडू नयेस, असं मीच तुला सांगेन. तिथल्या कायद्यात एका पोस्टवर माणूस वर्षानुवर्षं आत जातो. परदेशी नावाजलेल्या कलाकाराला जे चालून जातं ते कोल्हापूरच्या मुलीला चालेलच असं नाही, आणि तुझ्याबरोबर आणखी अकरा जणी असतील, त्यातल्या काही तर विशीच्याही नसतील. तिथं शौर्य दाखवायचं नाही. पण घरी परतल्यावर तुझं तोंड तुझं. कलमातून ‘नंतर कुठंही’ काढा, असं कंपनीला दोन ओळींत लेखी कळव. फोनवर ‘हो हो, तसं काही नसतं, फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणतील. फॉर्मॅलिटी असेल तर खोडायला अडचण काय, एवढंच विचार. लेखी उत्तर येईपर्यंत थांब.

बाकीच्या गोष्टी तुला मामा माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील. त्यांना अकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, काय असतो, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तो परवाना असतो तो मालक, काय करू शकतो, पासपोर्ट एकदा साहेबाच्या कपाटात गेला की माणसाचे हात कसे बांधले जातात, हे अंगावरून गेल्यासारखं माहीत असणार. त्यांच्याबरोबर बसून करार ओळ न् ओळ वाच. पासपोर्ट प्रत्येकीच्या स्वतःजवळ राहील, असं कागदावर हवं. निम्मे पैसे निघण्याआधी खात्यावर हवेत. परतीचं तिकीट आधी हातात हवं. व्हिसा कोणता काढणार ते विचारा. पैसे घेऊन खेळ करायचा तर व्हिसा त्या कामाचा हवा, नुसता फिरायचा नको. रियाधच्या भारतीय दूतावासाचा नंबर सोळाही जणांच्या फोनमध्ये हवा. करार कुणातरी वकिलाला दाखवा. कसबा बावड्याला न्यायालयाच्या आवारात तासभर उभं राहिलीस तरी ओळखीचं कुणीतरी भेटेल.

पैशांबद्दल मी तुला फार शहाणपण सांगणार नाही. साठ हजार म्हणजे तुझी आठ महिन्यांची कमाई. ज्याच्या डोक्यावर पाणी गळत नाही त्यानं ‘पैशासाठी जाऊ नकोस’ म्हणणं मला आवडत नाही. मैत्रिणीला हे सांग. तिची माहिती खरी आहे, पण तुझी कुचंबणा स्टेटसला मांडायच्या आधी तिनं एकदा आखाड्यात येऊन पत्र्याखाली ठेवलेल्या बादल्या बघायला हव्या होत्या. तिला चिडून नको, बोलावून सांग. ती मनानं चांगली असणार, नाहीतर तिला दूरच्या देशातल्या बायकांचं एवढं लागलं नसतं. कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायचं काम तिला दे.

आता त्या अकरा जणी. ‘माझ्यामुळं सगळ्यांचं रद्द होईल’ हे ओझं तू एकटीनं डोक्यावर घेतलंयस. ते खाली ठेव. कलम तुझ्या एकटीच्या कागदावर नाही, सगळ्यांच्या आहे. निम्म्या जणींनी ते वाचलंसुद्धा नसेल, मला खात्री आहे. इंग्रजीत असतं, बारीक अक्षरात असतं, आणि वस्ताद म्हणाले सही करा की मुली करतात. ज्यांना सगळं समजून उमजून जायचं असेल त्यांना जाऊ दे, आणि परत आल्यावर त्यांना घालून पाडून बोलू नकोस. पट्ट्यासाठी दुसऱ्या एका मुलीला आजपासूनच तयार कर. तुझं ‘नाही’ ठरलं तर शेवटच्या दिवशी सगळ्यांना तोंडघशी पाडल्यासारखं व्हायला नको. वस्तादांना आधी एकटं गाठून सांग. शिष्यानं परस्पर ठरवलं याचंच त्यांना जास्त लागेल. मुलींनी विमानात बसावं, हा त्यांचा हट्ट प्रेमाचा आहे. मुलींच्या हातात पट्टा दिला तेव्हाही गावात लोक काहीबाही बोलले असतील आणि त्यांनी ते ऐकून घेतलं असेल. असा माणूस तुझं म्हणणं ऐकेल.

आणि जायचं नाही असं ठरलं, तर माझ्यासारखं करू नकोस. मागच्या खोलीत बसू नकोस. का येत नाही ते कंपनीला लिहून दे. ‘आम्हाला खेळ करायला आवडलं असतं, पण आयुष्यभर गप्प राहायची अट आम्हाला मान्य नाही’ एवढं पुरे. मराठी वर्तमानपत्रांच्या कोल्हापूरच्या पानाला ही बातमी वाटेल, मला शंका नाही. ते वाचून दुसऱ्या एखाद्या आखाड्यातली मुलगी आपला कागद पुन्हा उघडून बघेल.

पण हे सगळं नंतर. आधी मामा.

त्यांना ‘मी जाऊ का नको’ असं विचारू नकोस. मामा आहेत, भाचीचं मन मोडायचं नाही म्हणून ‘जा की’ म्हणून मोकळे होतील. त्यांना त्यांचं विचार. दम्मामला खोलीत किती जण झोपायचे. उन्हाळ्यात काम किती वाजता सुटायचं. पगार थांबला तो पहिला महिना कुठला, कुणाकडं तक्रार केली, काय उत्तर मिळालं. कागद काही जपून ठेवलेत का ते बघ. जुना अकामा, पगाराची चिठ्ठी, कंपनीचं ओळखपत्र, असं काहीतरी ट्रंकेत सापडेल. परदेशात अडलेल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे. इतक्या वर्षांनी पैसे मिळतीलच असं आश्वासन मी तुला देत नाही. तरी तक्रार नोंदवायची का, हे त्यांना विचार. कदाचित त्यांना कुणी हे विचारलंच नसेल. ते गप्प राहिले तर थोडा वेळ तूही गप्प बस, उठून जाऊ नकोस.

मग येत्या रविवारी सकाळी सराव संपल्यावर सोळाही जणांना आखाड्यात थांबवून घे. ते कलम मराठीत उतरवून ने आणि मोठ्यानं वाचून दाखव. वस्ताद असू देत, हलगीवाले असू देत, वडील आले तर उत्तमच. मामांना बरोबर घेऊन जा आणि बसायला पुढची खुर्ची दे.